साहेबाच्या माशांची अंघोळ

सांगू का नको असं होतंय, पण तुम्ही चहा पाजलाय म्हणून सांगतो. मी एकदा आमच्या साहेबाचे मासे उकडायला घेतले होते. कालवणासाठी नव्हे हो! जिवंत, काचेच्या टाकीत पोहणारे, साहेबाचे लाडके मासे. आणि तेही बदलीपायी.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी बीदरला सरकारी हापिसात कारकून. तिथंच नौबाद भागात भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि माय. बायको तिकडं कडगंचीच्या शाळेत मास्तरीण. म्हणजे लग्न झालेलं, पण संसार सगळा बसमध्ये! शनिवारी हापिस सुटलं की बस धरायची, गुलबर्ग्याला बदलायची, आणि कडगंचीला उतरेपर्यंत तोंड धुळीनं असं माखायचं की बायको आधी तोंड धुवायला लावायची, मग ओळख द्यायची.

अशात आळंदच्या हापिसात एक जागा रिकामी झाली. आळंदहून कडगंची म्हणजे जवळच. मी लगेच बदलीचा अर्ज टाकला. साहेबानं त्यावर शिफारस केली की काम फत्ते, नाही केली की बसा धूळ खात. बायकोनं तर कडगंचीत एका खोलीचं भाडंही ठरवून ठेवलं होतं.

साहेब म्हैसूरकडचा. त्याला मराठी येत नव्हतं, माझं कन्नड कामापुरतं. म्हणून आमचं सगळं बीदरच्या हिंदीत चालायचं. माणूस चांगला, पण जीव सगळा घरातल्या त्या माशांच्या टाकीत. टाकी तरी केवढी! आमच्या मायची खाट बसली असती तिच्यात. हैदराबादहून आणलेली. आत नाना रंगांचे मासे आणि त्यांच्यात एक जाडजूड, सदा तोंड वाकडं केलेला. त्याला साहेब ‘गौडा’ म्हणायचा, म्हणजे गावचा पाटील. हापिसात आम्हाला कधी ‘जेवलास का’ विचारलं नाही, पण गौडाचं जेवण झाल्याशिवाय साहेब ताटावर बसत नसे.

त्या वर्षी थंडीत साहेब बायकापोरांना घेऊन गावी निघाला आणि मला बोलावलं.

“कांबळे, मछलियां तुम देख लेना.”

“हौ साब.”

“इतवार कू पानी बदलना. पूरा नक्को, तीसरा हिस्सा. ठंड बहुत है, ठंडा पानी डाले तो मर जाते. कुनकुना करके डालना.”

“कुनकुना मतलब कित्ता, साब?” कोमट हे कळलं, पण किती कोमट?

साहेबानं जरा विचार केला. टाकीतली पारा बघायची नळी मागच्याच आठवड्यात फुटली होती. तो म्हणाला, “छोटे बच्चे कू नहलाते ना? वैसा.”

मी मनात म्हणालो, हात्तिच्या! एवढंच ना?

आता इथं तुम्हाला एक सांगायला पाहिजे. माझी बहीण तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. घरात रोज तान्ह्या लेकराची अंघोळ. आणि आमच्याकडं बाळंतिणीच्या घरचं पाणी कसलं असतं, ठाऊक आहे ना? चुलीवर हंडा खदखदायचा. न्हाणीतली वाफ पार रस्त्यावर यायची. लेकरू टमाट्यासारखं लाल होऊन बाहेर निघायचं आणि दुपारपर्यंत झोपायचं. माय म्हणायची, पाणी चांगलं लागलं म्हणून झोपलं. मला वाटायचं, बेशुद्ध पडलं.

तर रविवारी सकाळी मी शहाण्यासारखा विचार केला. लेकराच्या अंघोळीचं पाणी मायएवढं कोणाला कळतंय? गेलो तिला घेऊन साहेबाच्या क्वार्टरला.

“कामून आणलास रे मला?” तिनं टाकीकडं बघत विचारलं.

“मासे न्हाऊ घालायचेत.”

“मासे? ते पाण्यातच हायत की! त्यानला कशाची अंगोळ?”

“साहेबाचा हुकूम हाय. तू लेकराला जसं पाणी काढतीस तसंच काढ. जरा बी फरक न्हाई पडला पायजे.”

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

मायनं मागच्या अंगणात चूल पेटवली. मी टाकीतलं पाणी रबरी नळीनं मोरीत सोडायला लागलो. तेवढ्यात वीज गेली. टाकीत पाणी तापवायची विजेची कांडी होती, बुडबुडे काढणारी मोटार होती, दोन्ही बंद. मला मात्र काळजी नाही. आपलं पाणी गरम आहेच की!

माय बादली घेऊन आली. तिनं हात घालून बघितला आणि मान डोलावली. मी बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. असा चटका!

“माय, लई ऊन हाय. गार पाण्याचं विसण घाल की थोडं.”

“तुझे हात कागदं हलवायचे. तुला काय कळतंय?” माय म्हणाली. “लेकराला सोसतंय, अन् एवढ्या मोठ्या माशाला न्हाई सोसायचं?”

मला पटलं! ज्या बाईनं जन्मभर तव्यावरची भाकरी उघड्या हातानं उलटली, तिच्या हाताला कोमट लागलेलं पाणी मी टाकीत ओतलं. एक बादली. दुसरी बादली. काचेवर वाफ धरली. आतलं दिसेना म्हणून पुसून बघतो, तर पाण्यावर हिरवं काहीतरी तरंगतंय.

“माय, हे काय?”

“कडुलिंबाचा पाला. लेकराच्या पाण्यात घालतेच की मी. तूच म्हनलास, फरक न्हाई पडला पायजे.”

मी गौडाला शोधायला लागलो. गौडा वर आला होता. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होता. बाकीचे त्याच्याभोवती तसेच. आणि माझ्या डोळ्यांदेखत गौडा एका कुशीवर कलंडला.

खरं सांगतो, मला मासा दिसेना. मला कडगंचीची ती ठरवलेली खोली दिसायला लागली आणि तिच्या दाराला कुलूप.

“माय, मासे मरायलेत!” मी धावत जाऊन रांजणातलं पाणी कळशीत भरलं.

मायनं कळशी धरली. “याड लागलंय का? तापल्या अंगावर एकदम गार पाणी ओततेत व्हय? ऱ्हायलेला जीव बी जाईल. तांब्या तांब्यानं घाल.”

मग काय! ऊन पाणी तांब्यानं काढायचं, कळशीतलं गार तांब्यानं घालायचं. पाला वेचायचा. माय हातात पंखा घेऊन पाण्यावर वारा घालत उभी, आणि तोंडानं चालूच, “उठ बाबा उठ, आमच्या पोराची बदली व्हायची हाय.” बाजूच्या क्वार्टरमधली बाई कुंपणावरून बघून गेली. तिला काय वाटलं असेल, विचारूच नका.

कधी तरी गौडानं शेपटी हलवली. मग सरळ झाला. मग तोंड वाकडं केलं. त्याचं ते वाकडं तोंड बघून मला इतका आनंद झाला की मी मायच्या पायाच पडलो.

सुट्टी संपवून साहेब आला. मला घरी बोलावलं. मी देवाचं नाव घेत गेलो. साहेब काचेला नाक लावून उभा होता. मग एकदम वळला.

“कांबळे! ये सफेद दाने किधर गए?”

मला काय माहीत कुठले दाणे? तेव्हा कळलं. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले होते. तो रोग म्हणे. साहेबानं हैदराबादहून औषधं आणून घातली होती, काही फरक पडला नव्हता. ते ठिपके आता साफ गेलेले. ऊन पाण्यानं गेले, का पाल्यानं, का मायच्या बोलण्यानं, गौडालाच ठाऊक!

“क्या किये तुम?”

“कुछ नै साब. आप बोले वैसाच किया.”

साहेबाचे डोळे भरून आले. त्यानं माझा हात धरला. आणि म्हणाला, तुझ्यासारखा माणूस मी आळंदला पाठवीन का? इथून पुढं दर रविवारी पाणी तूच बदलायचं. साहेबानं माझ्यासमोर अर्ज फाडला, वर चहा पाजला.

शनिवारी कडगंचीला जाऊन बायकोला सगळं सांगितलं. पाला, वाफ, पंखा, गौडा, सगळं. मी मासे कसे वाचवले, हे जरा रंगवूनच सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

“एक इचारू?” ती म्हणाली. “मासे मेले असते तर साहेबानं काय केलं असतं?”

“काय म्हंजी? रागानं दुसऱ्याच दिवशी बदली करून मला बीदरातून हाकललं असतं!”

“मग,” ती म्हणाली, “तांब्या कामून हातात घेतलाव?”