एकच नंबर, दोन जागा

मी पार लांबच्या चंदगडकडची, नववी नापास होऊन शाळा सुटलेली. पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याशेजारच्या खोलीत संगणकावर बसायचे. पायथनमध्ये प्रोग्राम लिहिणं आलं ते दुसऱ्यांचं बघून, मोडतोड करून. बोंडअळीची वर्षं होती. कापसाच्या बैलगाड्या आधीच कमी, त्यात आलेली गाडी दुसरीकडे वळेल म्हणून शेठजी सदा धास्तावलेले. त्यांच्याहून जास्त मी.

त्या सकाळी नवा डेटाबेस जोडला आणि पावती निघेना. गाडीवर खडूने लिहिलेला नंबर मी भरलेल्या वजनात शोधायचे आणि रिकाम्या वजनातही; दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, नंबरच्या जागी ‘गाडी’ हे नाव दोनदा होतं, सोबत पाठवायच्या यादीत नंबर मात्र एकदाच. जुन्या डेटाबेसला तेवढं पुरायचं. नवा म्हणे, सगळ्या जागा भरल्या नाहीत. मी स्पेलिंग तपासलं, मशीन बंद करून चालू केलं. वजनं होत होती, पावत्या अडकल्या होत्या. बाहेर बैल उन्हात उभे.

शेठजी दारात आले. "दुपारपर्यंत होते का नाही? नाही तं जुन्या मुनीमजीले बोलावतो. मंग तुमचं काय काम इथं?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून क्वेरी वाचायला घेतली. नववी नापासाला इतक्या लांब पुन्हा कोण खुर्ची देणार होतं?

खिडकीबाहेर काट्यावरचे काका रिकाम्या गाडीवाल्याला अडवून उभे.

"नंबर बोल."

"अजी काका, मघाशीच तं सांगितला. बैल तेच, मी बी तोच."

"अशीन तोच. काट्यावर आला का बोला लागते. भरला आला तवा एकदा, खाली आला तवा एकदा."

"माह्या सासऱ्याहून बेज्जार हाय हा बुढा!"

हे रोजचंच. त्या दिवशी मात्र माझा हात थांबला. नवा डेटाबेस नाव बघतच नव्हता, जागा मोजत होता. यादीत तोच नंबर मी पुन्हा एकदा लिहिला. प्रिंटर कुरकुरला. विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या गाडीची पावती काढली. तीही आली.

शेठजींनी पावती उलटसुलट पाहिली. "बसा," एवढंच म्हणाले.

दुपारी गर्दी सरल्यावर मी नंबर ‘गाडी’ या नावानिशी पाठवायची सोय केली. मग एकदा दिला की दोन्ही जागांना पुरतो. उद्या तिसरी जागा आली तर यादीत पुन्हा लिहायला मी विसरणार, हे मला ठाऊक होतं.

काकांना चहा नेऊन दिला. म्हटलं, "तुमच्यामुळे राहिले मी इथं."

"माह्यामुळं? मी तं रोजच वरडतो, पोरी." त्यांनी बशीत चहा ओतला. "बस जराशी. लय थकल्यावानी दिसून राह्यली."

बसले.