पप्पांच्या आवाजाचा ठोका

पप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आदल्या आठवड्यात उत्तनच्या घरी, दार लावून, मी त्यांची प्रार्थना फोनवर रेकॉर्ड करून घेतली होती. मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या क्रुसापुढे संध्याकाळी सगळे जमतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. तो एक म्हणजे, मला कळायला लागल्यापासून, पप्पाच.

"आता मी मागे बसेन," त्यांनी पाटीवर लिहिलं. माझं डोकंच फिरलं. मागे कसले बसताय?

फोनवर लावलं तर मध्येच कुणाचा तरी कॉल येणार. म्हणून मी भाईंदरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर एक स्पीकरचा खोका जुळवायला घेतला. आकड्यांत साठवलेल्या रेकॉर्डिंगचा पुन्हा आवाज करणारी जी चिप असते, कोडेक, तिला एकसारखा ठोका लागतो. त्यासाठी खरं तर वेगळा क्रिस्टल लावतात. मी शहाणपणा केला आणि प्रोसेसरच्याच एका पिनवरून ठोका काढून तिला दिला. आवाज आला, पण किंचित संथ, किंचित जाड.

"छान येतोय की," बायको म्हणाली. "काय फरक पडतोय?"

मला पडत होता. प्रोसेसर स्वतःचा वेग भागून ठोका देतो आणि तो भागाकार काही केल्या हव्या आकड्यावर बसेना. ऑफिसात, लिफ्टमध्ये, तोंडात घास असताना माझं तेच चालू. बायकोवर दोनदा उगाच खेकसलो. शेवटी प्रोसेसरचाच वेग बदलला, आणि पप्पा हुबेहूब पप्पांसारखे बोलले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

संध्याकाळी उत्तनला क्रुसापुढे खोका ठेवला. पहिली ओळ आली. लोकांनी नेहमीसारखं लांबवत उत्तर दिलं, आणि ते संपायच्या आत खोका तिसऱ्या ओळीवर! रेकॉर्ड करताना बंद खोलीत उत्तर द्यायला कोण होतं? पप्पा तेव्हा नुसते श्वासापुरते थांबले होते, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. अर्धे लोक गप्प, अर्धे धावपळीत, कुणीतरी फिसकन हसलं.

"अरं, जरा थांब म्हन त्याला," मागून एक मावशी ओरडली. "त्याला दम न्हाय काय?"

धांदलीत मी खोका उचलला आणि थांबवायचं बटण शोधू लागलो. तेवढ्यात पप्पा मागून उठून आले. माझ्या हातून खोका ओढून घेतला, बटण चाचपलं आणि दाबलं. खोका गप्प झाला. ते शेवटच्या रांगेकडे बघत राहिले. सगळ्यात हळू म्हणणाऱ्या त्या मावशीचं उत्तर पूर्ण झालं, तेव्हा त्यांनी अंगठा पुन्हा दाबला.

प्रार्थना संपेपर्यंत पुढची ओळ कधी यायची, ते पप्पाच ठरवत होते.