नवेगावच्या पाण्याला कुलूप लागेना

गोंदियाजवळच्या कुडव्यात आमचं घर, आणि घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बुवाबाजीविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव वाचताना मी नेहमी एकच शोधते – यात फायदा कोणाचा? माझ्या अनुभवातही मी आधी तेच शोधलं...

गोंदियातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी काम करते. नवेगाव बांधच्या एका मच्छीमार सोसायटीचं ॲप आमच्याकडे आहे. ॲप सर्व्हरला जे जे विचारतं, त्या सगळ्या रिक्वेस्ट एका फाइलमध्ये जमवलेल्या असतात. तिला आम्ही कलेक्शन म्हणतो. कुठल्या रिक्वेस्टच्या दाराला कुलूप आणि कुठलं उघडं, हे आमचा सर्व्हर त्याच फाइलवरून ठरवतो. पूर्वी प्रत्येक रिक्वेस्टमध्ये ऑथेंटिकेशनची, म्हणजे विचारणाऱ्याची ओळख तपासायची, सेटिंग हाताने भरावी लागे. कंटाळून मी एक टूल लिहिलं. ते एकदा चालवलं की सगळ्या कलेक्शनला कुलूप.

सगळ्या म्हणजे, एक सोडून. तलावाची पाणीपातळी सांगणारी रिक्वेस्ट उघडीच राहिली. सोसायटीच्या शेडमधला पाण्याची पातळी दाखवणारा बोर्ड तिच्यावरच चालतो आणि तिला कुलूप लागलं तर तो बंद पडेल, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आमचं ऑफिस चालवणाऱ्या सरांना ते दिसलं आणि त्यांनी थेट रुपेशला बोलावलं. रुपेश माझ्या शेजारी बसतो, गाव नवेगाव बांध. सर म्हणाले, "गाव का आदमी है, गाव के लिए खुला छोड़ दिया. कल से मत आना."

मला दुसराच वास आला. रुपेश महिनाभर नेमणुकीचं पत्र मागत होता. सरांना निमित्त हवं होतं – दार त्यांनीच उघडून ठेवलं असेल तर? मी सरांच्या तोंडावर म्हटलं, की सगळ्यांसमोर तपासू, मग काढा त्याला.

माझा स्वतःचा लॅपटॉप घेतला. नेट बंद केलं. रुपेशला लॅपटॉपपासून लांब, दाराजवळ उभं केलं, तर तो म्हणतो, "पत्रकवाल्या मॅडम, हात वर करू का?" टूल चालवलं. सगळीकडे कुलूप... पाणीपातळी उघडी.

टूल मी लिहिलेलं, ओळ न् ओळ वाचली. त्यात कुठलाच अपवाद नाही. रिक्वेस्टचं नाव बदललं, तिला सगळ्यात वर नेलं, पुसून नवी लिहिली. तीच उघडी. शेवटी सरांनी मला उठवलं, स्वतः बसून सेटिंग हाताने भरली, सेव्ह केली, फाइल बंद करून पुन्हा उघडली. जागा रिकामी. मग सर म्हणाले, "रुपेश, तू जा के काम कर." काढण्याची गोष्ट त्यानंतर निघालीच नाही. तो आजही माझ्या शेजारी बसतो.

चहा पिताना तो मासेमारीच्या छोट्या होड्यांबद्दल, डोंग्यांबद्दल, सहज बोलला, "आमच्या इथं डोंग्यांचं असंच हाय. सारे डोंगे साखळीनं बांधतेत, एक मोकळा ठेवतेत. पाण्यात कोनी अडकला तं चावी शोधत बसाव का?"

माझा संशय पुन्हा जागा झाला. म्हणजे हे सगळं गावातूनच चाललंय, आणि यालाही ठाऊक आहे! रविवारी मी स्कूटीवर थेट नवेगावला गेले.

रुपेशचे मामा काठावर जाळं वाळत घालत होते. शेडमधल्या बोर्डावर पातळीचे आकडे लुकलुकत होते. डोंगे एका साखळीत ओवलेले, आणि शेवटचा मोकळा. मी विचारलं, हा सोडायचं काम कोणाकडे असतं? पाळी असते का?

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार बाळबोध काही विचारलंय.

"सोडत कोनीच नाई, पोरी. आमी तं सारेच बांधत होतो. पाहावं तं एक सुटलेला. मंग आमच्या आज्यानं त्याले बांधनंच सोडलं."

मी म्हटलं, कोणीतरी येऊन सोडत असेल. पहारा ठेवला का कधी?

"तूच ठेव ना," म्हणाले, आणि कमरेची चावी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "घे, बांधून पाह्य. मी इथंच बसतो."

टूल मी पुन्हा तपासलंय, दुसऱ्यांनाही दाखवलंय. दोष कोणाला सापडला नाही. कोणी वाचणाऱ्याला सापडला तर मला हवाच आहे, मी भांडणार नाही. पण माझ्याकडे ज्याचं उत्तर नाही, ती गोष्ट टूलची नाहीच, माझी आहे.

तपासायलाच गेले होते मी. उजेड होता, चावी समोर होती, साखळी पायाशी पडलेली होती... आणि मी चावी घेतली नाही.