खांडेनवमीचा पाना

खांडेनवमीला आमच्या येरमाळ्यात लोखंड विसावा घेतं. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ धुऊन, हळदकुंकू लावून देवापुढं मांडायचे आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. निजामाची अमदानी जाऊन काही वर्षं झाली होती. आमच्या घरी एक जुनी मोटार होती, म्हणून पूजेत तिचे बोल्ट आवळायचे पानेही असत. त्या साली पाने फुलांखाली आणि मोटारीची बॅटरी भरणारा डायनामो जळालेला. सोलापूरच्या जुन्या बाजारातून दुसरा आणला होता, तो पोत्यात पडून. दसरा झाला की बसवू, असं वडिलांनी ठरवलेलं.

दुपारी बसच्या कंडक्टरनं निरोप दिला. जळकोटची मावशी अत्यवस्थ आहे, सारखं धाकटीचं नाव घेतीय. धाकटी म्हणजे माझी आई. आईविना पोरीला ह्या थोरल्या बहिणीनंच वाढवलेलं. तिकडं जाणारी शेवटची बस निघून गेली होती. मोटारीच्या बॅटरीत जेमतेम जीव होता. डायनामो न बसवता निघालो असतो तर अंधार पडल्यावर दिवे विझून वाटेतच अडकलो असतो.

लोहाराकडं पाने मागायला धावलो. कसले पाने! त्याची ऐरणसुद्धा झेंडूत बसलेली. घरी येऊन मी वडिलांशी लई भांडलो. ते म्हणत, उद्या पूजा झाली की जाऊ. मी म्हटलं, मरण काय मुहूर्त बघून येतं? माझं डोकं तेव्हाही असंच, एकदा भडकलं की आवरत नसे.

आई उठली. नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहणारी, सोवळ्याओवळ्यात कडक बाई. देवापुढं बसून तिनं फुलं बाजूला सारली.

“आई येडेश्वरी, दोष लागला तर मला लाव. पोराला लावू नको.”

आणि पाने माझ्या ओंजळीत ठेवले.

मग मी थांबलो न्हाय. बोल्ट गंजलेले. रॉकेल ओतलं, जोर लावला, बोटांची सालं निघाली. इंजिनावरचा पट्टा ताणायला डायनामो बाहेर रेटून धरावा लागतो, त्याला दुसरं माणूस हवं. वडील ओसरीवरून हलेनात, तेव्हा आईनंच पदर खोचला आणि लाकडी दांडक्यानं तो रेटला. मी बोल्ट आवळले. मोटार ढकलायला मात्र वडील गुमान आले. इंजिन चालू झालं, स्टिअरिंगपुढचा तांबडा दिवा विझला, म्हणजे बॅटरी भरायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

जळकोटला पोचलो तेव्हा मावशी शुद्धीवर होती. तिनं आईचा हात हातात घेतला. नखांत काळं वंगण, बोटांना हळद. खांडेनवमीचा नियम आईला तिनंच शिकवलेला.

“आज हत्यार हलवलंस व्हय गं?”

“व्हय, अक्का.”

“माझ्यासाठी?”

मावशीनं तो हात तसाच गालाशी धरला. दसऱ्याच्या सकाळी त्याच हातानं आईनं तिला आपट्याचं सोनं दिलं. ते मुठीत घेऊनच मावशी गेली.