वीसपैकी वीस

जहांगीरभाईंच्या निलंबनाचा आदेश मीच टाइप केला. त्यांचा दोष काय, तर ‘अप्रशिक्षित कर्मचारी’. आठवलं की आजही डोकं फिरतं.

बावीस वर्षं हा माणूस मी कारकून असलेल्या जलशुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनचे सिलिंडर जोडत होता. १९९९ साली वरून फर्मान आलं, कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्या. जहांगीरभाईंनी वहीच्या दोन पानांवर आराखडा करून आणला. बांबूला फडकं बांधून वारा कुठे वाहतो, गॅस कुठे जाईल, ते बघायला शिकवायचं. क्लोरीन जड, तो खाली साचतो, म्हणून एकेकाला टाकीच्या जिन्यावर चढवून सराव घ्यायचा. एक आठवडा हवा होता.

‘‘आठवडा?’’ केंद्राचे साहेब हसले. ‘‘शुक्रवारी तपासणी आहे.’’

मग लातूरहून एका कोचिंग क्लासचे केमिस्ट्रीचे सर आणले. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला चार पर्याय असायचे. सरांनी तासभर सूत्रं सांगितली आणि वीस प्रश्नांचा पेपर दिला. निकाल चांगला लागावा म्हणून उत्तरांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मीच वाटल्या. झाडकाम करणाऱ्या दानम्माला अक्षरओळख नाही. चिठ्ठीत जिथे खूण, तिथे तिने खूण केली. वीसपैकी वीस! जहांगीरभाईंनी कोरा पेपर परत दिला.

‘‘गॅस काय पर्याय देतो व्हय?’’ ते भडकून म्हणाले.

त्यांना काळजी होती ती दानम्माची. किल्लारीच्या भूकंपात तिचा नवरा आणि लेक माळवदाच्या मातीच्या छताखाली गेले, तेव्हापासून ती कुठलाच जिना चढत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत जहांगीरभाई तिला रोज एक पायरी वर न्यायचे.

‘‘जहांगीरभाई, वरचं समदं अंगावर येतं वो,’’ ती रडायची.

‘‘अक्का, हा गॅस भुईला धरून येतो. वर गेलो तरच वाचतो आपण.’’

पाच पायऱ्या झाल्या. सहाव्या दिवशी सिलिंडरची झडप सुटली. जहांगीरभाईंच्या ओरडण्यासरशी बाकीचे टाकीवर चढले. दानम्मा मात्र भूकंपाने शिकवलं तेच करून बसली. मोकळ्या रानात पळाली आणि नेमकी सखल जागी बसली. जहांगीरभाई ओलं फडकं नाकाला लावून खाली उतरले आणि तिला पाठीवर घेऊन वर आले. ती वाचली. त्यांची छाती कायमची गेली.

निलंबनानंतर चौकशी लागली आणि चौकशी अधिकाऱ्यांपुढे साहेबांनी गुणांची यादी ठेवली. सगळे प्रशिक्षित, एकट्या जहांगीरला शून्य, म्हणजे अपघात त्याच्याच अज्ञानाने. मी कोपऱ्यात बसून जबाब लिहून घेत होतो. मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तेवढ्यात दार ढकलून दानम्मा आत आली. घामाने भिजलेली. कठडा धरधरून तिचे तळहात लाल झाले होते.

‘‘मला वीस दिलेत न्हवं?’’ ती साहेबांना म्हणाली. ‘‘मग त्यातला एक तरी प्रश्न वाचून दावा. काय इचारलं व्हतं, मला आजपातुर ठावं न्हाई. मला जे येतं ते जहांगीरभाईनं शिकिवलं.’’

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘हे लिहू नका.’’

मी लिहिलं होतं. खाली माझं नाव घातलं, आणि चिठ्ठ्या कुणी वाटल्या तेही लिहिलं.