मनगटाखालची पट्टी

"डोळे मिटा. अंग सैल सोडा. तुम्ही आता मेलेल्या आहात," बाई म्हणाल्या.

आम्ही मेलो. गावच्या शेतकी सोसायटीच्या रिकाम्या गोदामात, सतरंज्यांवर, ओळीनं. शवासन नीट जमलंय का ते बघायची बाईंची एक रीत होती. प्रत्येकीचं मनगट धरून हात वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. थप्पकन पडला तर अंग सैल. अधांतरी राहिला तर बाई तळव्यानं खांदा चोळायच्या, "सोडा, सोडा," म्हणायच्या. शेजारणीचा हात पडल्याचा आवाज आला. मग माझी पाळी आली. माझ्या मनगटाखाली लाकूड सरकलं.

फूटपट्टी. शाळेतली. मेलेला उंदीर काटकीवर घेतात तसा बाईंनी माझा हात पट्टीवर घेतला आणि पट्टी काढली. हात पडला नाही. ताठ राहिला.

"हिला काही जमत नाही," म्हणून त्या पुढं गेल्या. मी डोळे किलकिले करून पाहिलं. पुढच्या बाईचं मनगट त्यांनी हातानं धरलं होतं. मी मेले तरी माझी जात जिवंत होती.

तो दुष्काळाचा उन्हाळा. वाशी तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींनी तळ दाखवला होता. बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. टँकर आला नाही. पुण्याहून योगाच्या बाई आल्या. गावाचं आरोग्य श्वासात असतं, असं सोसायटीच्या चेअरमनला कुणीतरी सांगितलं असावं. गोदामात धान्य नव्हतंच, जागा मोकळी. खताचा आणि फवारणीच्या पावडरीचा वास मात्र भिंतीत मुरलेला. त्या वासात आम्ही खोल श्वास घ्यायचो आणि खोकायचो. बाई नाकाला अत्तराचा रुमाल लावून प्राणायाम शिकवायच्या.

या शिबिरातून योगशिक्षिका तयार होणार होत्या. निवड होईल तिला आसपासच्या गावांतले वर्ग आणि सोसायटीचं मानधन. मी मॅट्रिक झालेली. बौद्ध वस्तीतून एकटीच आलेली. दुष्काळी कामावर आईबरोबर खडी फोडून हाताला घट्टे पडले होते. मला ती नोकरी हवी होती. चारचौघींसमोर उभं राहून मी "श्वास घ्या" म्हणावं आणि त्यांनी तो घ्यावा, याची मला हाव सुटली होती. खोटं कशाला सांगू?

बाकीच्या सगळ्या संचालकांच्या नाहीतर पाटलांच्या घरच्या. चेअरमनची सून त्यांची म्होरकी, तिला सगळ्या वैनीसाहेब म्हणायच्या. खाली बसली की तिला उठवायला दोघी लागायच्या. हिला म्हणे योग शिकवायचा होता. बाई त्यांना "अहो, तुम्ही" आणि मला "ए, तू". माझी पाठ वाकली की पट्टी. मान कलली की पट्टी. एकदा वैनीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, ती पट्टी धुऊन घेत जावा बरं का." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन, बाई शेवटी तिथंच पोचल्या.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "सोस जरा, माय. नोकरी लागू दे, मग बोल." मी सोसलं. दात इतके आवळायचे की जेवताना जबडा दुखायचा.

शेवटच्या दिवशी परीक्षा. एकेकीनं इतरांचा वर्ग घ्यायचा, शेवटी शवासन द्यायचं आणि हात उचलून तपासायचं. माझी पाळी आली. माझ्या सांगण्यावर सगळ्या आडव्या झाल्या, डोळे मिटले. मी पहिलीकडं वळले तर बाई लगबगीनं आल्या आणि पट्टी माझ्यापुढं धरली.

"या पट्टीनं तपास," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच कुणाला अवघड नको. पास करते मी तुला."

घेतली असती तर मी शिक्षिका झाले असते. ती पट्टी घेऊन गावोगाव फिरले असते आणि माझा विटाळ मीच पाळला असता. माझं डोकं सणकलं.

"मी हातानंच तपासणार," मी म्हणाले. "पट्टी तुमची तुमच्यापाशी ठिवा."

पहिली होती वैनीसाहेब. मी तिचं मनगट धरलं. तिनं डोळे उघडले आणि ताडकन उठून बसली. त्या वेळी कुणाचा आधार लागला नाही.

"शिवली व्हय गं मला?" ती ओरडली आणि पदरानं मनगट पुसू लागली.

बाकीच्या पटापट उठल्या. मेलेल्या बायका इतक्या चपळाईनं उठताना मी पहिल्यांदाच पाहिल्या. पाटलांची म्हातारी चुलती तेवढी उठली नाही, ती घोरत होती. मी तिचा हात उचलला, सोडला. थप्पकन पडला. अख्ख्या शिबिरात शवासन जमलं ते तिला. बायकांनी तिला हलवून जागं केलं, काय झालं ते सांगितलं. म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता आंगुळीला पानी कुठून आनू गं बया?"

मला हसू फुटलं. ज्यांच्या सावलीला मी लहानपणापासून भीत आले, त्या या! यांचा सगळा धर्म एका घागरीसाठी अडून बसला होता. माझी भीती तिथंच संपली.

बाई लालबुंद झाल्या होत्या. "तुझ्यात साधकाची वृत्तीच नाही. तुला पास करता येणार नाही."

"नका करू," मी म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

वैनीसाहेब शिक्षिका झाली. तिच्या वर्गाकडं कुणी फिरकलं नाही, तो बंद पडला. आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी परत खडी फोडायला गेले. संध्याकाळी विहाराच्या ओसरीवर वर्ग सुरू केला. खडी फोडून पाठीचा काटा ढिला झालेल्या बाया यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं, "मी हात लावून शिकवनार. ज्येला चालत न्हाय त्येनं येऊ नाय."

पुढं वैनीसाहेबांची कंबर धरली. डॉक्टर झाले, वैद्य झाले. मग त्यांचा गडी आमच्या दारात आला. "मागल्या दारानं या म्हनत्यात. लुगडं-चोळी करतील. निस्तं लांबून सांगा, कसं करायचं ते."

मी मुद्दाम एकेरीत निरोप दिला. "विहारात ये म्हनावं. सगळ्या बायांसंगं सतरंजीवर आडवी हो म्हनावं. माझा हात लागंल."

ती आली नाही. अजून तिला वाकता येत नाही, असं ऐकते. दुखू दे. मी अट बदलणार नाही.