जरा सरका

ऐंशीच्या सुमारास आम्ही नाशिकरोडला जुनं घर घेतलं. पुढच्या खोलीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा गोल डाग होता. आधीचे म्हातारे मालक शेवटपर्यंत तिथंच टेकून बसायचे म्हणे. मी हौसेनं ब्रशनं रंगाचे दोन हात मारले. डाग दोन्हींतून वर आला. बायको म्हणाली, "एक तर हा डाग जाईल, नाहीतर मी दिंडोरीला माहेरी जाईन."

दुकानात मी सगळ्यात जाड केसांचा रोलर उचलला. जाड म्हणजे जास्त झाकणार, ही माझी समजूत. शेजारी उभ्या असलेल्या सडपातळ रंगाऱ्यानं तो काढून घेतला आणि आखूड केसांचा एक स्वतःच्या गालावर फिरवून पाहिला. "साहेब, तुमच्या रोलरनं भिंतीच्या अंगावर काटा येईल. गुळगुळीत पाहिजे तर हा घ्या."

मी रोलरसकट त्यालाच घरी आणला.

डागापाशी तो थांबला. बोटानं भिंतीवर हलकेच टकटक केली, "बाबा, जरा सरका," म्हणाला, कुणी उठून बाजूला होईल एवढा वेळ थांबला आणि मग रोलर फिरवला. मी हसलो. तो हसला नाही.

भिंत काचेसारखी झाली. महिन्याभरानं समोरच्या भिंतीवर, तेवढ्याच उंचीवर, तेलाचा गोल डाग उमटला. तिथं आमच्यापैकी कधीच कोणी बसलं नव्हतं.

बायकोनं डाग जवळून निरखला. "त्यानं सरका म्हटलं होतं," ती म्हणाली, "जा नव्हतं म्हटलं."

ती दिंडोरीला गेली नाही. डागाखाली तिनं सतरंजी अंथरली. त्या सतरंजीवर मी अजून पाय देत नाही.